खडीतली चार अंडी

आमच्या डेकवरून जे दिसतं त्याला इथले घरविक्रेते ‘नेचर व्ह्यू’ म्हणतात. म्हणजे पावसाचं पाणी साठवायचं एक तळं, त्याच्या अलीकडे उघडं मैदान, मैदानाच्या कडेला कधीकाळी गाड्या लावण्यासाठी टाकलेली खडी आणि पलीकडे पाइनच्या झाडांची रांग. त्या रांगेमागचा हायवे ऐकू येतो, पण दिसत नाही. अमेरिकेतल्या या मॉरिसव्हिलमध्ये एवढं असलं की निसर्ग झाला. घर बघायला आलो तेव्हा मीही ते दृश्य दोन मिनिटं पाहिलं, ‘छान आहे’ म्हटलं आणि स्वयंपाकघरातली कपाटं मोजायला आत गेले. पुढची अकरा वर्षं मी डेकवर जायची ती कुंड्यांना पाणी घालायला, नाहीतर फोनवर बोलायला.

त्या दृश्यात कोण कोण राहतं हे मला दाखवलं आईने. ती अठ्ठ्याहत्तर वर्षांची. बार्शीजवळच्या एका खेड्यात जन्मली, तालुक्याच्या गावी शाळेत चाळीस वर्षं शिकवून निवृत्त झाली. त्या वर्षी एप्रिलमध्ये ती सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आली. करमावं म्हणून मी तिला एक चांगली दुर्बीण आणि इथल्या पक्ष्यांचं सचित्र पुस्तक आणून दिलं. दुर्बीण तिने एकदा डोळ्याला लावली.

“यात एकच पक्षी दिसतो गं. बाकीचे काय करतायत ते कळत नाही,” असं म्हणून तिने ती परत केली. पुस्तकाचा उपयोग तिने डेकवर वाळत घातलेल्या साबुदाण्याच्या पापड्यांचा कागद उडू नये म्हणून केला.

पापड्या राखायला म्हणून ती सकाळी साडेसहाला डेकवर खुर्ची टाकून बसायची आणि राखता राखता सगळ्यांची हजेरी घ्यायची. चाळीस वर्षांची सवय. डोक्यावर शेंडी असलेला लालभडक कार्डिनल आणि त्याची मातकट बायको, हे जोडपं सर्वात आधी. मग निळ्या पाठीचा ब्लूबर्ड, तारेवर बसून खाली गवतात टक लावणारा. रोज नऊच्या सुमाराला तळ्याकाठी येऊन तासभर एका पायावर उभा राहणारा राखाडी बगळा. त्याला ती ‘इन्स्पेक्टर’ म्हणायची, कारण तो काही करत नसे आणि तरी बाकीचे त्याला घाबरून असत. दुपारी तळ्यातून कासवं ओंडक्यावर चढून एकावर एक रचल्यासारखी ऊन खात. संध्याकाळी हरणं येऊन माझी अंबाडी खाऊन जात. अंगठ्याएवढा हमिंगबर्ड साखरपाण्याच्या बाटलीवर दुसऱ्या कुणाला टेकू देत नसे. “एवढासा जीव, पण सोसायटीचा सेक्रेटरी आहे मेला,” आई म्हणायची.

मला आधी गंमत वाटली. मग हळूहळू माझा सकाळचा चहा डेकवर होऊ लागला.

आईच्या जोडीला कोण आलं, तर शेजारच्या आजी. त्या सर्बियाच्या, पंच्याहत्तरीच्या, मुलाकडे कायमच्या राहायला आलेल्या. आमची डेक आणि त्यांची डेक यांच्यामध्ये चार फुटांचं अंतर. आईचं इंग्रजी शाळेच्या प्रार्थनेपुरतं, आजींचं दुकानापुरतं. पहिल्याच आठवड्यात दोघींना एक सामाईक शब्द सापडला: त्यांच्याकडेही चहाला ‘चाय’च म्हणतात. तेवढ्या भांडवलावर मैत्री झाली.

आजींची बहीण अजून गावाकडच्या घरात राहते आणि दर दोन दिवसांनी फोनवर व्हिडिओ पाठवते. मग आजी आमच्या डेकवर यायच्या, फोन आईच्या मांडीवर ठेवायच्या आणि दोघी मिळून सर्बियाचा उन्हाळा बघायच्या. विजेच्या खांबावर बैलगाडीच्या चाकाएवढं घरटं आणि त्यात उभे करकोचे. ओसरीच्या तुळईला पाकोळ्यांसारख्या पक्ष्यांची मातीची घरटी, आणि त्यांची घाण खालच्या बाकावर पडू नये म्हणून ठोकलेली फळी. आलुबुखारांच्या बागेत संध्याकाळी पानांतून फुसफुसत जाणारा साळिंदराचा छोटा भाऊबंद. एकदा गवतात चोच खुपसणारा तुऱ्याचा पक्षी दिसला आणि आई ओरडली, “अगं, हा तर आपला हुदहुद! हा तिकडे कधी गेला?” आजींना वाक्य कळलं नाही, पण पक्षी ओळखीचा निघाला हे कळलं. त्यांनी आईच्या हातावर थाप मारली. मी शिकलेली, पासपोर्टवर दोन देशांचे शिक्के जास्त असलेली बाई, खिडकीतून बघत होते आणि मला त्या खुर्च्यांत जागा नव्हती.

मेच्या तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी आई म्हणाली, “खडीत टिटवी बसलीय.”

“आई, अमेरिकेत टिटव्या नसतात.”

“बरं. मग खडीत जी नाहीये ती ओरडतेय, ते ऐक.”

मी पुस्तक उघडलं. पक्ष्याचं नाव किलडिअर. तपकिरी पाठ, पांढरं पोट, गळ्यात दोन काळे पट्टे. आपल्या टिटवीच्या डोळ्यांपुढचं लाल मांस याला नाही, अंगानेही लहान, पण कुळ तेच, लांबची चुलत बहीण. सवयीही त्याच: घरटं म्हणून काही बांधायचं नाही, उघड्या खडीत चार अंडी ठेवायची आणि त्यांच्यावर विश्वास टाकायचा. मी हे सगळं आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, “म्हणजे टिटवी.” वादात दोन्ही बाजू बरोबर असल्या की आमच्या घरात ती जिंकते.

अंडी खरोखरच चार होती. टोकं आत करून मांडलेली, खडीच्याच रंगाची, वर काळे ठिपके. वीस पावलांवरूनही मला दिसली नव्हती. आईने बोट दाखवलं तरी दिसली नव्हती. “नजर हलवू नकोस, तुझ्या डोळ्यांना खडी दिसू दे, मग जे खडी नाही ते दिसेल,” ती म्हणाली. दिसली.

त्या दिवसापासून बाकीची हजेरी बंद झाली. आईची खुर्ची डेकच्या डाव्या कोपऱ्यात गेली, जिथून खडी सरळ समोर येते. तिने भिंतीवरच्या मराठी कॅलेंडरवर पेन्सिलीने एक टिंब काढलं आणि पंचवीस दिवस पुढे मोजून दुसरं. नर आणि मादी आळीपाळीने बसायचे. भर दुपारी उन्हात मादी अंड्यांवर न टेकता पंख जरासे उचलून नुसती सावली धरून उभी राहायची. मधूनच तळ्यावर जायची, पोट भिजवून यायची आणि ओल्या पोटाने अंड्यांवर बसायची. कुणी कुत्र्याला घेऊन जवळून गेलं की एक पंख मोडल्यासारखा जमिनीवरून फरफटवत, शेपटीवरचा तांबूस रंग दाखवत, त्याला भलतीकडे घेऊन जायची.

“नाटकी आहे,” मी म्हटलं.

“लेकरं असली की सगळ्याच होतात,” आई म्हणाली.

तिचं हे गुंतणं मला वयाचं वाटत होतं. म्हातारपणी माणसं कशात तरी जीव लावतात, असं मी मनाशी म्हणून टाकलं. चूक माझी होती, आणि ती एका दुपारी स्वयंपाकघराच्या खिडकीतून दुरुस्त झाली.

त्या दिवशी आजी हातवाऱ्यांनी काहीतरी सांगत होत्या. हवेत नांगर धरला, ढकलला, मग थांबल्या, नांगर उचलला, दोन पावलं चालल्या, पुन्हा टेकवला. तोंडाने टिटवीसारखा आवाज काढला. त्यांच्या गावीही असाच एक पक्षी नांगरटीत अंडी घालतो, आणि त्यांचे वडील तेवढा तुकडा सोडून नांगरत, हे मलाही खिडकीतून कळलं. आईने हातातला चहाचा कप खाली ठेवला. मग तिने सांगायला सुरुवात केली. मराठीत. समोरच्या बाईला एक शब्द कळणार नाही याची खात्री असल्यामुळेच बहुधा.

ती सहा-सात वर्षांची होती. पेरणीआधी रानात कुळव चालू होता. कुळव म्हणजे बैलांमागचं ते रुंद लोखंडी पासेचं, आडव्या पात्याचं औत, ढेकळं फोडून रान सारखं करणारं. पास जमिनीत नीट बसावी म्हणून वजनाला त्यावर लहान पोराला बसवतात. तिला बसवलं होतं. माझे आजोबा मागून हाकत होते. उन्हामुळे त्यांचे डोळे अर्धे मिटलेले. आणि बैलांच्या पायांपुढे एक टिटवी पंख पसरून उभी राहिली. पळाली नाही. बैलाच्या नाकावर धावून गेली, मागे झाली, पुन्हा पंख पसरले.

“मला वाटलं नाचतीय,” आई म्हणाली. “मी हसले. टाळ्या वाजवल्या. वडलांना सांगितलं असतं तर त्यांनी कुळव उचलला असता. ते उचलायचे नेहमी. पण मी सांगितलंच नाही. अंड्यांवरून गेला. आणि मी वर बसलेली, वजनाला.”

आजींनी काय समजून घेतलं मला माहीत नाही. त्यांनी आईचा चहाचा कप उचलला, त्यातला गार चहा कुंडीत ओतला आणि थर्मासमधून नवा भरला.

एकाहत्तर वर्षं तिने ती गोष्ट गावातच ठेवली होती. माझ्या लहानपणी तिने मला नको नको त्या गोष्टी सांगितल्या, ही नाही. त्यानंतर मी कॅलेंडरवरच्या दुसऱ्या टिंबाकडे वेगळ्या नजरेने बघू लागले. आणि लक्षात आलं की त्या टिंबाच्या आदल्या दिवशी त्याच मैदानावर क्रिकेटचा अंतिम सामना आहे.

आमच्या मराठी मंडळींची उन्हाळी स्पर्धा याच मैदानावर होते. टेनिसच्या चेंडूला इलेक्ट्रिकची टेप गुंडाळून खेळतात. आठ संघ, पुण्याचे, नागपूरचे, कोल्हापूरचे, आणि पराभव झाला की सगळे बंगलोरचे सहकारी खेळवल्याचा आरोप करतात. स्पर्धा समितीचे अध्यक्ष पंचेचाळिशीचे, सॉफ्टवेअरमधले, मनाने अत्यंत सज्जन. दोष एकच: माइक. माइक दिसला की त्यांच्यात फरक पडतो. मंडळाच्या एका कार्यक्रमात त्यांनी वक्त्याची ओळख करून देताना इतका वेळ घेतला की वक्त्याने भाषण ‘ओळख पुरेशी झाली आहे’ एवढंच केलं.

अंतिम सामन्याच्या दिवशी प्रमुख पाहुण्यांचा तंबू खडीवर लागणार होता. त्याआधी खडीवर रोलर फिरणार होता. मी अध्यक्षांना फोन केला, आणि ते लगेच घरी आले. आईने त्यांना डेकवरून अंडी दाखवली. त्यांनाही दिसली नाहीत, पण त्यांनी मान डोलावली.

“काकू, तुम्ही काळजीच करू नका. तंबू कॅन्सल. रोलर कॅन्सल. दुसरीकडे शिफ्ट करू.”

“आणि सामना?”

“सामना तर व्हायला पाहिजे ना, काकू. आठ टीम्स आहेत यार... म्हणजे, आठ संघ आहेत.”

माझा नवरा या स्पर्धेचा स्कोअरर. तो नागपूरच्या गल्लीत वाढला आहे आणि क्रिकेटचे नियम लवचीक असतात असं त्याचं ठाम मत आहे. “आमच्याकडे एका काकूंच्या तुळशीला बॉल लागला की बॅट्समन आउट, आणि बॉलही काकूंचा,” तो म्हणाला. “इथे साधा रूल करू. घरट्याभोवती दोरीचं रिंगण. बॉल आत गेला की चार रन. फील्डरने पाय ठेवायचा नाही, बॉल आणायचा नाही. नवीन बॉल.”

“कॅच असला तरी?”

“कॅच असला तरी. आत काहीच होत नाही. आत मॅच नाहीच.”

आईने त्याच्याकडे बघितलं. मी त्याला आईची कुळवाची गोष्ट आदल्या रात्री सांगितली होती. तो हळूच म्हणाला, “तिथे कुळव उचलायचा, एवढंच.” अध्यक्षांना अर्थ कळला नाही, म्हणून त्याने त्यांनाही ती गोष्ट सांगितली. आई उठून आत गेली. जाताना रागावलेली नव्हती.

इथे हे प्रकरण संपलं असतं. पण आपण मराठी माणसं आहोत. आपल्याला एखादी गोष्ट नुसती करता येत नाही. तिचं उद्घाटन करावं लागतं.

सामन्याच्या आधीच्या शनिवारी, सकाळी साडेदहाला, मी खिडकीतून पाहिलं तर मैदानावर पंचवीस-तीस माणसं. केशरी शंकूंचं आणि दोरीचं रिंगण तयार, आणि दोरीला लाल फीत. बाजूला बॅनर, त्यावर समितीच्या अकरा सदस्यांचे फोटो आणि त्यांच्याखाली, उरलेल्या जागेत, पक्ष्याचा फोटो. एका स्थानिक उद्योजकांना फीत कापायला बोलावलं होतं. शाल-श्रीफळ होतं. रिंगणाशेजारी दगडावर नारळ फोडला गेला. मग अध्यक्षांनी माइक हातात घेतला.

पारा पस्तीसच्या घरात. खडी तव्यासारखी. आणि रिंगणाच्या मध्यभागी चार अंडी, उघडी. मादी तीस पावलांवर पंख फरफटवत होती. इकडून तिकडे, तिकडून इकडे. तिच्या नाटकाला प्रेक्षक नव्हता. सगळे अध्यक्षांकडे बघत होते.

“निसर्ग आणि क्रीडा यांचं नातं फार जुनं आहे,” स्पीकरमधून ऐकू आलं.

मी सँडल शोधेपर्यंत आई डेकच्या पायऱ्या उतरून गेली होती. गुडघेदुखीमुळे ती घरात जिना चढत नाही. साडी एका हाताने वर धरून, दुसऱ्या हातात काळी छत्री, ती गवतातून सरळ चालत गेली. शेजारच्या आजी त्यांच्या बाजूने निघाल्या. मी मागून पळत होते.

“अहो अध्यक्ष, किती वेळ आहे अजून?” आईने विचारलं. माइकची तिला गरज नव्हती. साठ पोरांचे वर्ग शिकवलेत तिने.

“दोनच मिनिटं, काकू. प्रास्ताविक—”

“तुमच्या डोक्यावर टोपी आहे. पाहुण्यांच्या डोक्यावर छत्री धरलीय. त्या चौघांच्या डोक्यावर कोण आहे?”

अध्यक्षांचा हात टोपीकडे गेला. कुणीतरी हसलं.

“ती बघा तिकडे आई. लंगडून लंगडून दमली बिचारी. मघापासून तुम्हाला सांगतीय ती. एकाने तरी बघितलं का?”

तेव्हा तीस माणसांनी पहिल्यांदा मान वळवली. ज्या पक्ष्यासाठी समारंभ होता तो त्यांना तिथे दिसला, धुळीत, पंख पसरलेला. आजींनी वेळ घालवला नाही. त्यांनी प्रमुख पाहुण्यांच्या मागची खुर्ची घडी करून काखेत मारली, मग दुसरी, मग तिसरी. बसायला काही उरलं नाही की समारंभ संपतो, हे शहाणपण बहुधा त्यांच्या गावचं.

“सॉरी, काकू,” अध्यक्ष म्हणाले. माइक चालूच होता, त्यामुळे ते सगळ्या वसाहतीला ऐकू गेलं.

“माझी नका मागू माफी. मागे व्हा सगळे. झाडांपर्यंत. आणि तो नारळ उचला, कावळे आणायचेत का इथे?”

खरंच, पाइनवर दोन कावळे येऊन बसले होते. खोबऱ्याचा तुकडा न् तुकडा वेचायला सर्वात आधी वाकले ते स्थानिक उद्योजक, अंगावरची शाल सांभाळत. त्यांच्याबद्दल माझं मत त्या क्षणी सुधारलं.

सगळे झाडाखाली गेले. मादी लगेच आली नाही. मला घड्याळ बघवत नव्हतं, पण बघितलं: अकरा मिनिटं. मग ती तळ्याकडे उडाली आणि मी दोन पावलं पुढे झाले. आई म्हणाली, “थांब.” पक्षी परत आला, पोटाची पिसं ओली, आणि खडीवरून तुरुतुरु धावत जाऊन अंड्यांवर बसला.

पण अंड्यांच्या आत काय झालं असेल ते कुणालाच सांगता येत नव्हतं. तोही आठवडा आईने डेकवर काढला. पापड्या राखायच्या राहिल्या. ब्लूबर्डने नाही, पण खारींनी भरपूर नेल्या. एकदा ती एवढंच म्हणाली, “बसतीय अजून. मेलेल्यावर त्या बसत नाहीत फार दिवस.” आणि थोड्या वेळाने, “कधी कधी बसतात.”

अंतिम सामना अध्यक्षांच्या संघाचा आणि नागपूरकरांचा. आई आणि आजी सीमारेषेबाहेर रिंगणापासून लांब, झाडाखाली बसल्या होत्या. त्या दिवसात चेंडू दोनदा सरपटत रिंगणाकडे गेला आणि दोन्ही वेळा शंकूला लागून थांबला. शेवटच्या षटकात नागपूरकरांना जिंकायला तीन धावा हव्या होत्या, एक गडी उरला होता. फलंदाजाने चेंडू उंच मारला. रिंगणाच्या बाजूला अध्यक्ष स्वतः उभे होते.

ते डोळे आभाळात ठेवून मागे मागे येत होते. झेल सोपा होता. अजून दोन पावलं मागे, की झेल हातात. त्यांची टाच दोरीला लागली.

ते थांबले. हात वर, चेहरा वर, पाय जागच्या जागी. चेंडू त्यांच्या डोक्यावरून गेला आणि अंड्यांपासून हातभर अंतरावर खडीत पडला. पक्षी उठला, पण उडाला नाही. पंख पसरून, छाती पुढे काढून, टेप गुंडाळलेल्या त्या चेंडूसमोर उभा राहिला आणि त्याच्यावर धावून गेला. आई उभी राहिली होती. तिने आजींचा दंड घट्ट धरला होता. चेंडू हलला नाही. पक्षी एकदा ओरडला आणि परत अंड्यांवर बसला.

“अरे यार! दोन पावलं! फक्त दोन पावलं!” अध्यक्षांच्या संघातला एकजण धावत आला.

“कुळव उचलायचं ठरलं होतं ना,” अध्यक्ष म्हणाले. त्यांनी कधी कुळव पाहिला असेल असं मला वाटत नाही.

माझ्या नवऱ्याने वहीत चार धावा लिहिल्या. बक्षीस समारंभात अध्यक्षांसमोर माइक आला. पहिल्या रांगेत आई बसली होती, छत्री मांडीवर. “विजेत्यांचं अभिनंदन,” ते म्हणाले, आणि माइक खाली ठेवला. या देशात एकोणीस वर्षांत मी ऐकलेलं ते मराठीतलं सर्वोत्तम भाषण.

दुसऱ्या दिवशी, टिंबाच्या दिवशी, सकाळी आईने मला हलवून उठवलं नाही. मी खाली आले तेव्हा ती आणि आजी झाडाखाली उभ्या होत्या. पलीकडे, तेवढ्याच अंतरावर, अध्यक्ष. घरातल्या चपला, चुरगळलेला टी-शर्ट. मीही जाऊन उभी राहिले. बराच वेळ खडीत फक्त खडी दिसली. मग मी नजर हलवायची थांबवली आणि खडीचा एक तुकडा चालायला लागला.

कापसाचा गोळा, काड्यांसारखे लांब पाय, गळ्यात एकच काळा पट्टा. त्याच्यामागे दुसरा. दुसरा पडला, उठला, जणू पडलोच नव्हतो अशा थाटात पुढे गेला. आईबाप दोन्ही बाजूंना, हलक्या आवाजात बोलावत. तिसरं पिल्लू बराच वेळ मादीच्या पोटाखालीच राहिलं. मग एकदम बाहेर आलं आणि पहिल्या दोघांना गाठायला धावलं. दोरीखालून निघून ती सगळी वरात खेळपट्टीवरून, सरळ मधल्या स्टंपाच्या खुणेवरून, तळ्याकडे गेली. रिंगणात एक अंडं तसंच राहिलं.

आईने ते अंडं पाहिलं. मग अध्यक्षांकडे वळली.

“आता फोटो काढलात तरी चालेल हो.”

“फोन घरीच ठेवून आलोय, काकू,” ते म्हणाले.

आईने त्यांच्याकडे जरा जास्त वेळ बघितलं. ती शिक्षिका असताना चांगल्या निबंधावर शेरा लिहीत नसे. नुसती बरोबरची खूण करायची. ती नजर मला ओळखता आली. आणि मला, समारंभांपासून चार हात लांब राहणाऱ्या बाईला, त्या तिघांबरोबर त्या ओल्या गवतात उभं असल्याचा इतका अभिमान वाटला की मी उगीचच चष्मा पुसला.

घरी आल्यावर तिने गावाकडे माझ्या मामांना फोन लावला. मामा तिच्याहून चार वर्षांनी लहान. तिच्यानंतर कुळवावर बसायची पाळी त्यांची होती.

“तीन निघाली,” आई म्हणाली.

मामांनी कसली, असं विचारलं नाही.

“नाही, चौथं नाही,” ती म्हणाली. मग बराच वेळ ऐकत राहिली. “हो. चाललीसुद्धा. आपल्या पायांनी.”